लाल दोऱ्याची बाजू

मास्तरांच्या दुकानात आरशाच्या वर एक पत्र्याची पाटी होती. पांढऱ्यावर निळी अक्षरं: 'दाढीआधी तेल लावले जाणार नाही. साबण, पाणी आणि हात.' यातला 'हात' रंगाऱ्याने बाकीच्या शब्दांपेक्षा बोटभर मोठा काढला होता, कारण रंगवणं चाललं होतं तेव्हा मास्तर शेजारी स्टूल टाकून बसले होते आणि काही केल्या उठत नव्हते.

दुकानात खुर्च्या दोन. एकीवर गिऱ्हाईक बसायचं, दुसरीवर जुनी वर्तमानपत्रं. मास्तर हे नाव त्यांना पडलं ते शिकवायच्या खोडीमुळे. खुर्चीतल्या माणसाची मान एकदा मागे टेकली, तोंडाला फेस लागला, की त्याला बोलता येत नाही. आणि समोरचा बोलू शकत नाही म्हटल्यावर मास्तरांची गाडी सुसाट सुटायची. निघायची कुठूनही, पण मुक्कामाला यायची तेलावरच.

"केस मऊ होतो तो पाण्यानं," ते वस्तऱ्यात नवं पातं सरकवत म्हणायचे. "तेल फासलंत की पाणी केसापर्यंत पोचत नाही, फेस बसतो, पात्याला चिकटा धरतो. मग तेल लागतं कुणाला? ज्याला हात नाही त्याला."

हे ऐकवताना त्यांच्या स्वतःच्या बोटांना दिवसभर डोक्याच्या मालिशचं तेल असायचं, हा भाग वेगळा. डोक्याला तेल चालत होतं, दाढीला नाही. एकदा एक विक्रेता दाढीआधी लावायच्या तेलाच्या चिमुकल्या बाटल्या घेऊन आला. मास्तरांनी त्याला खुर्चीत बसवलं, त्याची दाढी फुकट केली आणि पाटीकडे बोट दाखवून पाठवून दिलं. बिचारा गाल चोळत गेला आणि जाताना बाटल्यांची पिशवी विसरला. ती परत न्यायला यायची त्याला लाज वाटली असावी.

आणि खोटं कशाला बोला, मास्तरांनी केलेली दाढी होतीही तशीच. उलट्या हाताने, केसांच्या विरुद्ध वस्तरा फिरवूनसुद्धा कुणाला कधी आग झाली नाही. लोक म्हणायचे, मास्तरांचा हात हलका. समोरच्या गल्लीत दोन नवी, काचेच्या दारांची दुकानं झाली, तरी ज्यांना वस्तऱ्याची दाढी हवी ते इथेच यायचे. त्यांतले सगळ्यांत जुने म्हणजे वकीलसाहेब. एक दिवसाआड, सकाळी कोर्टात जायच्या आधी, बावीस वर्षं. कडक पांढऱ्या कॉलरमध्ये दिवसभर मान अडकवून ठेवायची म्हणजे ती मान कशी असावी लागते, हे मास्तर आणि वकीलसाहेब दोघंच जाणत होते.

दाढीची पद्धत ठरलेली होती. वाफेच्या डब्यात जाळीवर टॉवेल ठेवलेले असायचे. त्यातला एक काढायचा, घडी उलगडायची, कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका असलेली बाजू चेहऱ्याला लावायची, दोन मिनिटं थांबायचं, मग फेस. हे टॉवेल घरून यायचे. रोज बारा, मास्तरांच्या बायकोने धुऊन, वाळवून, घडी घालून पिशवीत भरलेले. लाल टाका तिनेच घातला होता, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. "ही बाजू तोंडाकडे ठेवा, आतली बाजू मऊ असते," असं ती म्हणाली आणि मास्तरांनी मान डोलावली. घरातून आलेल्या गोष्टीला का म्हणून विचारायची त्यांना सवय नव्हती. एकतीस वर्षं लाल दोरा बिनचूक गिऱ्हाइकाच्या गालाला लागला.

मग एका सकाळी कपडे वाळत घालताना ती स्टुलावरून पडली. उजवं मनगट मोडलं. तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

मास्तरांनी पदर खोचला म्हणायला हरकत नाही. केर काढला, भांडी घासली, दोन पातेली करपवली, तिसऱ्यापासून जमायला लागलं. टॉवेलांचा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "ते माझे मी करते. डाव्या हातानं जमेल."

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? लाँड्रीत टाकतो. जाता जाता घेईन, येता येता देईन."

ती काहीतरी बोलणार होती. बोलली नाही. मास्तरांना वाटलं, हात दुखत असेल.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही, म्हणजे मास्तरांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यात पोस्टातल्या साहेबांनी पैसे देताना मान खाजवली. बेकरीवाला म्हणाला, "मास्तर, आज जरा चुरचुरलं." मग तुरटीचा खडा, जो महिनोन् महिने कागदात पडून असायचा, तो रोज बाहेर निघायला लागला. मास्तरांनी पाती बदलली. साबण बदलला. नवा ब्रश आणला. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, त्यात काही फरक नव्हता. दुपारी दुकानात कुणी नसताना पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हातावर धरून आरशासमोर उभे राहिले आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. एक थेंब सांडला. तो हात थरथरल्यामुळे की मोजताना धाप लागल्यामुळे, हे काही ठरेना.

गाडी बंद पडली. आता दाढी करताना ते बोलत नसत. फेसाखालचा माणूस या शांततेने जास्तच घाबरायचा.

आणि वकीलसाहेब यायचे थांबले.

आधी वाटलं, परगावी गेले असतील. महिना होत आला तेव्हा एके दिवशी ते दुकानासमोरून जाताना दिसले. हातात फायली, अंगात काळा कोट आणि चेहऱ्यावर दाढी. चांगली बोटभर वाढलेली, पांढरी, मफलर गुंडाळावा तशी. मास्तरांना बघून त्यांनी हात हलवला आणि चालण्याचा वेग वाढवला. दुसऱ्या दुकानात जाऊन आले असते तर मास्तर चार दिवस धुसफुसले असते आणि विसरले असते. पण ही दाढी त्यांच्या जिव्हारी लागली. बावीस वर्षं येणारा माणूस दुसरीकडे जात नाही आणि आपल्याकडे यायला भितो, याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच संध्याकाळी ते शेजारच्या चष्म्याच्या दुकानदाराकडे गेले. त्याला जागा वाढवायची होती, गेली दोन वर्षं तो अधूनमधून चाचपून बघायचा. मास्तर म्हणाले, "उद्याचा दिवस करतो. परवा किल्ली घ्या."

घरी आल्यावर ते बायकोसमोर बसले आणि एवढे दिवस लपवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. चुरचुर, तुरटी, पाण्याचा पेला, वकीलसाहेबांची दाढी. "हात गेला माझा," ते म्हणाले. "अजून कुणाचा गळा कापायच्या आत वस्तरा खाली ठेवलेला बरा."

ती बराच वेळ प्लास्टरच्या कडेचा कापूस चिमटीने ओढत बसली.

"उद्याचे टॉवेल घरी आणलेत?" तिने विचारलं.

"लाँड्रीतून आजच उचलले, पिशवीत आहेत. का?"

"इथेच ठेवा. शेवटचा दिवस आहे तर मी घडी घालून देते."

या वेळेला मास्तरांना तिचा रागच आला. माणूस आयुष्याचं काम सोडायला निघालाय आणि हिला घड्या सुचताहेत. पण बोलायचं त्राण नव्हतं. ते झोपायला गेले.

उजाडता उजाडता स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मास्तर धडपडत उठले. आता दुसरा हातही मोडला की काय, या विचाराने ते स्वयंपाकघराकडे धावले.

ती टेबलाशी उभी होती. टेबलावर बारा टॉवेल उघडे पसरलेले, लाल टाका वर. पिठाच्या डब्यामागे कधीतरी दिसलेली चपटी बाटली आडवी झाली होती आणि तेल टेबलाच्या कडेवरून ठिबकत होतं. तिचा डावा तळवा तेलाने निथळत होता. पहिल्या टॉवेलवर तेलाचा एवढा मोठा डाग पडला होता की त्यात पुरी बुडाली असती.

"डाव्या हाताला अंदाजच येत नाही," ती म्हणाली. चोरी पकडली गेल्यासारखं तोंड तिने केलं नव्हतं. ती फक्त थकलेली दिसत होती.

मास्तरांनी आधी फडक्याने फरशी पुसली, कारण ती पुन्हा घसरली असती. मग तेलाच्या टॉवेलाचा वास घेतला. बदाम, आणि त्याच्या खाली थोडं एरंडेल. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या दुकानाचा वास होता तो. गेले पाच आठवडे दुकानाच्या वासात काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत होतं आणि त्यांनी दोनदा मोरी धुऊन काढली होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या वर्षीपासून. बाबा आले होते, आठवतं? तुम्ही त्यांची दाढी केलीत."

आठवत होतं. सासरे सुतार होते. खुर्चीतून उठून त्यांनी जावयाची पाठ थोपटली होती आणि चार लोकांसमोर म्हणाले होते, हात हलका आहे. हलक्या हाताची कीर्ती तिथूनच सुरू झाली होती.

"घरी आले ते मान वळवता येत नव्हती त्यांना," ती म्हणाली. "गळा लालभडक. मी विचारलं तर म्हणाले, उन्हानं झालंय. थंडीचे दिवस होते. मी रात्री तुम्हाला एवढंच म्हटलं की बाबा रंध्याच्या तळाला तेलाचं बोट फिरवल्याशिवाय लाकडाला लावत नाहीत, तुम्हीही आधी थोडं तेल लावून बघा. दोन दिवस तुम्ही जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी पाटी रंगवायला टाकलीत."

मास्तर खुर्चीवर टेकले.

"मग मी कानाला खडा लावला. बोलायचं नाही. पण येणाऱ्या माणसांचे गळे तर होते. तळव्याला तेल चोळायचं, जवळजवळ सगळं पुसून टाकायचं, आणि राहिलेला हात घडीच्या आत फिरवायचा. तुमचा फेस बसणार नाही एवढंच. जास्त झालं तर फेस बसतो, तुमचं तेवढं खरं होतं."

"आणि हे काय चाललं होतं आज?"

"आजचा एक दिवस टॉवेल नीट गेले असते, तर तुम्हाला कळलं असतं की हात शाबूत आहे. दुकान राहिलं असतं. मला काही सांगावं लागलं नसतं."

मास्तर उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खोलीभर राग मावेल एवढी जागा त्या घरात नव्हती, तरी त्यांनी थोडा वेळ प्रयत्न करून पाहिला. एकतीस वर्षं. त्यांच्याच पाटीखाली. ज्या विक्रेत्याला त्यांनी गुळगुळीत करून पाठवलं तोसुद्धा याच टॉवेलातून गेला होता.

"म्हणजे मला हात नव्हताच," ते खिडकीकडे बघतच म्हणाले.

"असं कोण म्हणतं?" आता तिचा आवाज चढला. "मी लहानपणी बाबांचा रंधा तेल लावून लावून फिरवला होता एका फळीवर. फळी जाळायला गेली. तेलानं हात येत असता तर मीच नसते का बसले दुकानात?"

मास्तर हसले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. खरं तर त्यांना रडू येत होतं आणि ते कशाचं हे त्यांना नीट कळत होतं. पाच आठवडे ते एका मेलेल्या हाताला मूठमाती द्यायला निघाले होते आणि तो हात जिवंत होता. शिवाय आयुष्यभर ज्याला ते एकच हात समजत होते, ते दोन हात निघाले होते, एक त्यांचा आणि एक तिचा.

तिने सांगितलं तसं त्यांनी दोन टॉवेलांना तेल लावलं. चोळलं, पुसलं, परत तिने डोळे वटारल्यावर आणखी पुसलं. दुकान उघडलं नाही. वाफेचा डबा, वस्तरा, कात्री आणि ब्रश पिशवीत भरून ते थेट वकीलसाहेबांच्या घरी गेले. बावीस वर्षांत ते त्या घराची पायरी चढले नव्हते.

वकीलसाहेबांनी दार उघडलं. दाढीत चहाचा थेंब अडकला होता.

"मास्तर, तुम्ही इथे?"

"बसा," मास्तर म्हणाले, जणू घर त्यांचंच होतं. "खिडकीजवळ. उजेडाला."

वकीलसाहेब निमूट बसले. आधी कात्रीने रान साफ झालं. मग शेगडीवर वाफ धरलेला टॉवेल, लाल दोरा आत. दोन मिनिटं. टॉवेलाखालून एक लांब श्वास ऐकू आला. मग फेस. मास्तरांनी एवढा जपून कधीच बघितला नव्हता. दाट होता, बसला नव्हता. वस्तरा कानापासून निघाला आणि कुठेही न अडता हनुवटीपर्यंत आला. गळ्याशी मास्तरांचा श्वास अडकला, पण हात अडकला नाही. उलट्या हाताने एकदा. पाण्याचा हबका. कोरडा टॉवेल. तुरटी पिशवीतच राहिली.

वकीलसाहेबांनी तळवा गळ्यावरून वर नेला, खाली आणला.

"तेल परत आलं वाटतं," ते म्हणाले.

मास्तरांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"टॉवेल तोंडावर आला की बदामाचा वास यायचा. टॉवेल निघाला की समोर पाटी. मला वाटलं, तुमचं व्यवसायाचं काही गुपित असणार. सगळेच प्रश्न विचारायचे नसतात, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात."

"मग बंद झालं तेव्हा तरी सांगायचं."

"काय सांगू? पाटीवर स्पष्ट लिहिलंय, तेल लावले जाणार नाही. तक्रार कुठल्या मुद्द्यावर करायची?"

"दुसरीकडे गेला असतात."

वकीलसाहेबांनी भिंतीवरच्या आरशात आपली हनुवटी इकडून तिकडून पाहिली. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं. "दुसऱ्याच्या खुर्चीत बसून तुमच्या दुकानावरून घरी यायचं? जमलं नसतं मला. त्यापेक्षा खाज परवडली."

मास्तरांनी वकीलसाहेबांच्या मानेवरचे दोन केस झटकले, जे तिथे नव्हते.

"तेल माझं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "बायको लावायची. मला आज सकाळी कळलं."

वकीलसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग एवढे हसले की हनुवटी पुन्हा पुसावी लागली. हसू थांबल्यावर त्यांनी हात जोडले. "वहिनींना माझा नमस्कार सांगा. बावीस वर्षांचा."

परत येताना मास्तरांनी चष्मेवाल्याला किल्ली मिळणार नसल्याचं सांगितलं. तो म्हणाला, मला वाटलंच होतं. मग त्यांनी दुकानात शिरून आरशावरची पाटी उतरवली. मागे भिंतीचा रंग चौकोनी, नवाकोरा राहिला होता. पाटी काखेत मारून ते घरी गेले आणि ती त्यांनी अक्षरं खाली करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" तिने विचारलं.

"टॉवेलांना तेल लावायला. लाकडाला डाग पडतात."

आठवड्याने प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालं होतं, कातडी कोरडी पडून पापुद्रे सुटले होते. ती त्या हाताकडे परक्यासारखी बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी बारा टॉवेल पाटीवर एकेक करून उलगडले. तळव्यावर तेल घेतलं, पण टॉवेलाला हात लावायच्या आधी समोर बसून तिचं मनगट हातात घेतलं आणि ते चोळायला लागले. अंगठ्याने हळूहळू, हाडाच्या कडेने, कोपराकडे आणि परत खाली. एकतीस वर्षं लोकांची डोकी चोळली होती, हिला कधी चोळून दिलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते तिला तसंच सांगितलं.

"लोक मला म्हणायचे, हात हलका. मी हो म्हणायचो," ते म्हणाले. "त्यातलं निम्मं तुझं होतं. मी सगळं घेतलं. तू एकदाही मागितलं नाहीस."

तिचे डोळे भरून आले होते आणि पुसायला एकच हात मोकळा होता.

थोड्या वेळाने मास्तरांनी उरलेलं तेल घेऊन पहिल्या टॉवेलावर तळवा ठेवला. तिने त्यांचं मनगट धरून तो मधेच थांबवला, तळवा उलटा केला आणि आपल्या नुकत्याच मोकळ्या झालेल्या हाताने त्यावरचं जास्तीचं तेल पुसून घेतलं.

"एवढं नाही," ती म्हणाली. "जड आहे तुमचा हात."